सादर केल्याची तारीख

३ मार्च

ठकू,

तुझ्या वकीलबाईंनी काढलेलं समन्स काल मिळालं. पोस्टमन ओळखीचा. सही घेताना म्हणाला, "बाई, तुम्हीच लोकांना कागद लिहून देता, आता तुम्हालाच आला की." मी हसले. दुसरं काय करणार.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पस्तीस वर्षं नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात टेबल टाकून दुसऱ्यांचे दस्त लिहिते आहे. बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं, हा टोमणा तू लहानपणापासून मारत आली आहेस.

समन्सबरोबर तुझ्या दाव्याची प्रत होती. दोनदा वाचली. वकीलबाईंनी बरी लिहिली आहे, फक्त लांबण फार लावली आहे. मी तीन ओळींत लिहिलं असतं. आईने टेकडीखालची जमीन धाकट्या मुलीला बक्षीस दिली, कागदावर सही केली, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. सहीनंतर चार महिन्यांत तो कागद नोंदणीसाठी सादर व्हायला हवा होता, थोरल्या मुलीने तो वेळेत नेऊन दिला, पण कार्यालयाने धूळ खात ठेवला. तेवढ्यात आई गेली, आणि आता साहेब म्हणतात मुदत टळली, नोंद होणार नाही.

दाव्यातल्या तुझ्या साक्षीदारांच्या यादीत पहिली मी आहे. दुसऱ्या पानावर कार्यालयातल्या कारकुनाचा उल्लेख आहे. ते भिंगकाका. आठवतात का तुला? दप्तरखोलीच्या दाराशी बसतात, डोळ्याला भिंग लावून वाचतात. शाळा सुटल्यावर तू माझ्या टेबलाखाली बसून असायचीस तेव्हा ते तुला मुंग्या बघायला भिंग द्यायचे. तुझी तक्रार आल्यावर त्यांनीच सगळे गठ्ठे सोडून कागद शोधला. तो त्यांच्याच गठ्ठ्यात निघाला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. गुपचूप फाडून टाकला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. ते उठले आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. आवक वहीत नोंद नाही, कागद मात्र गठ्ठ्यात, म्हणजे दोष त्यांचा. निलंबित केलंय. निवृत्तीला पाच महिने उरले होते.

हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं, बाकी काही नाही. मी साक्षीला येईन. काय सांगायचं ते मला ठाऊक आहे.

ताई

ता. क. आईची खोली अजून आवरलेली नाही. तिच्यातलं काही हवं असलं तर कळव.

२१ मार्च

ठकू,

एवढ्या लांबून आलीस आणि नुसती पुढची तारीख पडली. न्यायाधीश रजेवर. तू व्हरांड्याच्या त्या टोकाला, मी या टोकाला. मी हात वर केला होता. तुझं लक्ष नसेल.

भिंगकाका जिन्याच्या पायरीवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर डब्याची पिशवी. शिपायाने मला हळूच सांगितलं, निलंबित झाल्याचं त्यांनी बायकोला सांगितलेलंच नाही. रोज कामाच्या वेळेला घरातून निघतात, वाचनालयात बसतात, डबा खातात, साडेपाचला घरी जातात.

आईचे शेवटचे महिने कसे गेले ते तू मला कधी विचारलं नाहीस. मी सांगते.

तिला अंथरुणातून उठता येत नव्हतं. अशा माणसासाठी अर्ज केला की नोंदणी अधिकारी स्वतः घरी येतात आणि विचारतात, "ही सही तुमचीच का?" माणूस हो म्हणाला की काम झालं. सही केली त्याच दिवशी मी तिला हे समजावलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तिने सकाळी नऊला तयार होऊन बसायचं ठरवलं. मी तिला उशांना टेकवून बसवायची, तोंड पुसायची, केस विंचरायची. भांग सरळ पडला नाही तर पुन्हा पाडायला लावायची. मी कामाला निघाले की विचारायची, "आज साहेब येणार का गं?"

मी म्हणायची, "यादी मोठी आहे, आई. नंबर लागेल."

"घाई नाही. त्यांनाही कामं असतात."

दिवसभर ती तशीच बसून राहायची. शेजारची शिंपीण दुपारी डोकावायची. ती सांगते, जिन्यावर पाऊल वाजलं की आई अंगावरचं पांघरूण नीट करायची.

सही जुळली नाही तर साहेब परत जातील अशी तिला धास्ती होती. म्हणून ती सराव करायची. माझ्या रद्दी कागदांच्या पाठीवर. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ती गेल्यावर गादी उचलली तेव्हा सापडले. एकेका कागदावर तीस-तीस, चाळीस-चाळीस सह्या, शाळेतल्या मुलीने शुद्धलेखन काढावं तशा. शेवटच्या कागदांवर सही कलत कलत कडेवरून खाली गेली आहे. मी ते जपून ठेवले आहेत, पण ज्या खोलीत ते आहेत तिथे मी बसत नाही.

आणखी एक, आणि हसू नकोस. परवा एका प्लंबरच्या दुकानाचं खरेदीखत टाइप केलं. वाचता वाचता तो थांबला. "बाई, हे काय?" दुकानाच्या चार बाजूंना काय आहे ते लिहावं लागतं. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस गिरणी, उत्तरेस शाळेची भिंत. आणि पश्चिमेस आज साहेब येणार का.

बोटं माझीच होती. कधी टाइप केलं ते आठवत नाही. भर दुपार, आजूबाजूला माणसं, शेजारच्या टेबलावरचा दस्तलेखक कुणाशी तरी हुज्जत घालतोय, आणि मी ते लिहून गेले होते. पान बदलून दिलं. तो बिचारा काही बोलला नाही, पण जाताना दोनदा वळून बघितलं.

ताई

५ एप्रिल

ठकू,

काल दुपारी भिंगकाका घरी आले. मी दार उघडलं तर पिशवी छातीशी धरून उभे.

"या ना काका, बसा."

"बसायला नाही आलो. माफी मागायला आलोय."

बळेच खुर्चीवर बसवलं. अगदी कडेवर बसले, कुणी उठवेल अशा बेताने. म्हणाले, "तुझी आई वाट बघत गेली. माझ्यामुळे."

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"आधी मला आठवतच नव्हतं. साहेबांनी विचारलं, चौकशीवाल्यांनी विचारलं, मी म्हणायचो, नाही आठवत. पंधरा दिवस डोकं पिंजून काढलं. मग एकदा वाचनालयात बसलो असताना लख्ख आठवलं. मंगळवार होता. पंखा बंद पडला होता. तू निळ्या फायलीतून कागद काढलास, वर घरी येण्याचा अर्ज टाचणीने लावलेला. म्हणालीस, काका, जरा लवकर बघा, आई वाट बघते आहे. मी म्हटलं, ठेव इथे, जेवून आल्यावर चढवतो वहीत. आणि जेवून आल्यावर..."

त्यांनी हात उघडून दाखवला. हातात काही नव्हतं.

"अर्जही होता?" मी विचारलं.

"होता की. तो सापडत नाही अजून. तोही मीच कुठे घालवला असणार. एक चूक करणारा माणूस दुसरी करायला कितीसा वेळ लावतो?" मग म्हणाले, "मी जुने दस्त आठवून बघतो आता. आणखी किती जणांचे घालवले असतील, कोण जाणे. चाळीस वर्षांचे आहेत."

जाताना म्हणाले, "आईंची खोली कुठली?" मी दाखवली. ते पलंगापुढे उभे राहिले, कोर्टात उभं राहतात तसे, हात जवळ घेऊन. पलंगाला म्हणाले, "बाई, चुकलो."

मला वाटलं, आता आतून उत्तर येईल. जीव मुठीत धरून मी दाराशी उभी होते. काही आलं नाही. तेच जास्त भयंकर होतं.

चहा केला तो त्यांनी घेतला. कप परत देताना "उपकार झाले" म्हणाले. ठकू, हे ते मला म्हणाले. मला.

माझ्याकडे निळी फाईल नाही. कधीच नव्हती.

उद्या पुन्हा लिहिते. आज हात चालत नाही.

ताई

६ एप्रिल

ठकू,

मी कागद दिलाच नव्हता.

आता हे वाक्य लिहून झालं, बाकीचं जमेल.

आईने मला पलंगाशी बोलावलं आणि म्हणाली, "ठकूच्या नावाने जमिनीचं लिहून घे." मी लिहून घेतलं. एकही चूक नाही. बक्षीसपत्रात कारण घालावं लागतं, का दिलं ते. मी विचारलं, "कारण काय घालू?" आई म्हणाली, "घाल ना नेहमीचं. प्रेमापोटी." हजारो वेळा टाइप केलेले शब्द आहेत ते, नैसर्गिक प्रेमापोटी व आपुलकीपोटी. डोळे मिटून टाइप होतात. त्या दिवशी बोटं अडली. कारण हे राहतं घर तिने माझ्या नावावर केलं त्या कागदात लिहिलंय, "माझा सांभाळ केल्याच्या मोबदल्यात". मला मोबदला आणि तुला प्रेम. सहा वर्षं या घराची पायरी न चढलेल्या तुला. रविवारी फोन करायचीस, तोही मी तिच्या कानाला धरायची. माझा हात अवघडायचा आणि तुमच्या गप्पा संपायच्या नाहीत.

शेजारचा शिंपी आणि इंजेक्शन द्यायला येणारी नर्स साक्षीला होते. त्यांच्या सह्या झाल्या. कागद मी टेबलाच्या खणात ठेवला. उद्या देईन म्हटलं. खरंच म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी खण उघडला, ते शब्द दिसले आणि खण बंद केला. असं काही एकदम ठरवून केलं नाही गं. एकेक दिवस करत गेले. साहेबांनी घरी यावं म्हणून अर्जही लिहिला नाही. जो अर्ज मी दुसऱ्यांना पाच मिनिटांत लिहून देते.

चार महिने पुरे झाले त्या संध्याकाळी मला वाटलं होतं, आता सुटले. घरी आले तर आई बसलेली, सकाळचा भांग जसाच्या तसा. म्हणाली, "आज नाही आले. तू दमलीस का?" त्यानंतर ती आणखी अकरा दिवस जगली. त्या अकरा दिवसांतही मी रोज तिचे केस विंचरले, साहेब येतील म्हणून.

ती गेली तेव्हा तू आलीस आणि खोलीत माणसं भरलेली असताना विचारलंस, "ताई, कागदाचं काय झालं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "कार्यालयात पडून आहे." पुढे ते खरं करून दाखवावं लागलं. तुझी लेखी तक्रार आल्याचं व्हरांड्यात कळलं, त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी दप्तरखोलीत गेले. पस्तीस वर्षांत मला तिथे कुणी अडवलेलं नाही. कागद गठ्ठ्यात सरकवला. भिंगकाकांचाच गठ्ठा का? तो दाराजवळ होता. मला दुसरं कारण सापडत नाही, आणि हे कारण कुणाला सांगण्यासारखं नाही.

अजून एक राहिलं. काल मी या घराचा कागद काढून बघितला. तो अकरा वर्षांपूर्वी मीच लिहिला होता. मसुदाही त्यातच होता, सोबत पाठवते आहे. नीट बघ. आधी टाइप केलंय "प्रेमापोटी व आपुलकीपोटी". त्यावर काट आहे आणि बाजूला हाताने लिहिलंय "मोबदल्यात". अक्षर माझं आहे. आई तेव्हाही म्हणाली होती, घाल ना नेहमीचं. मीच नको म्हटलं. फुकटात घर मिळालं असं उद्या कुणी, म्हणजे तू, म्हणू नये म्हणून. हे मी विसरले होते की विसरायचं ठरवलं होतं, ते मला सांगता येत नाही.

मी कोर्टात खरं सांगणार आहे. मग तुझा दावा पडेल. कागदाची नोंद नाही म्हणजे जमीन आईच्याच नावावर, आणि आपण दोघी वारस, म्हणजे अर्धी तुझी, अर्धी माझी. तू म्हणशील, हिला आता अर्धी हवी झाली म्हणून ही गोष्ट रचली. म्हण. तुझ्या जागी मीही म्हटलं असतं. पण त्या माणसाला आता न घडलेल्या गोष्टी आठवायला लागल्या आहेत, ठकू. ते मला बघवत नाही.

ताई

२४ एप्रिल

ठकू,

"मी कागद दिला नाही" हे मी म्हणाले आणि तू उठून बाहेर गेलीस. माझं सहा तारखेचं पत्र तुला मिळालं होतं की नाही, हे तुझ्या पाठीवरून कळेना. पुढे काय झालं ते वकीलबाईंनी सांगितलं असेलच, तरी माझ्याकडून ऐक.

तुझी साक्षीदार असून मी उलटले, तेव्हा वकीलबाईंनी परवानगी घेऊन मला फैलावर घेतलं.

"या साक्षीमुळे अर्धी जमीन तुमची होते. बरोबर?"

"बरोबर."

"हे तुम्हाला माहीत आहे?"

"पस्तीस वर्षं लोकांना हेच समजावते."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. मला ते नको होतं.

"म्हणजे नोंदणी कार्यालयाला वाचवायचं आणि वर जमीनही घ्यायची. कागद तुमच्याकडेच होता याला पुरावा काय?"

आम्हा परवानाधारक लेखकांना एक वही ठेवावी लागते. लिहिलेला प्रत्येक दस्त तिच्यात चढवायचा. अनुक्रमांक, देणार, घेणार, मिळकत, आणि शेवटचा रकाना, सादर केल्याची तारीख. मी ती पिशवीतून काढून दिली. न्यायाधीशांनी पान उलटलं. वर-खाली सगळे रकाने भरलेले, आईच्या ओळीत शेवटचा कोरा.

ते म्हणाले, "हा का मोकळा?"

"खोटी तारीख घालायला हात धजला नाही."

"पण खोटं बोललात."

"तोंड धजलं, साहेब."

कुणी हसलं नाही. वही त्यांनी ठेवून घेतली. मी आईच्या सह्यांचे कागदही दिले. ती शेवटपर्यंत साहेबांची वाट बघत होती, अर्ज कुणी दिलाच नव्हता, हे त्यावरून कळेल असं मला वाटलं. त्यांनी एकेक कागद उलटसुलट करून बघितला. बराच वेळ. मग म्हणाले, "हे पुराव्यात लागणार नाहीत. घेऊन जा." शिपायाने आणून दिले तर नीट रचून, कडा जुळवून दिलेले होते. शिपाई असं करत नाहीत. वरूनच तसे आले असणार.

मी माझा अर्धा हिस्सा तुला देणार आहे असंही सांगितलं. न्यायाधीश म्हणाले, ते इथे नोंदवता येत नाही, त्यासाठी वेगळा दस्त करा. बरोबरच आहे. मीही कुणाला हेच सांगितलं असतं.

बाहेर भिंगकाका उभे होते. मला वाटलं, शिव्या देतील. मी पुढे जाऊन उभी राहिले, द्यायला सोपं जावं म्हणून.

ते म्हणाले, "पण मला आठवतंय गं."

"काका, मी आलेच नव्हते."

"पंखा बंद होता."

"काका, मी त्या दिवशी खोलीत पाऊलही टाकलं नाही. अर्ज नव्हताच."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "मग कोण आलं होतं?"

तेव्हापासून मीही विचार करते आहे. आई वाट बघते आहे, जरा लवकर बघा, असं म्हणणारी एक मुलगी त्यांनी पाहिली. ती जायला हवी होती. ती कुणाला तरी दिसली, एवढंच.

ताई

१८ जून

ठकू,

निकालाची प्रत मिळाली. तुलाही मिळाली असेल. उशीर कार्यालयाचा नव्हे, कागद नेणाऱ्या व्यक्तीचा. नोंदणीचा आदेश देता येत नाही. कारकुनावरचा ठपका रद्द. तीन पानं वाचून शेवटी सही बघितली आणि मला बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली, कारण पहिल्या पानावर हरलेल्या बाजूला तुझं नाव होतं.

भिंगकाका कामावर रुजू झाले. निवृत्तीला दीड महिना आहे. मी व्हरांड्यात गेले की बोलतात, रागाने नव्हे. पण हल्ली कुणी कागद दिला की ते त्याच्यासमोरच वहीत चढवतात आणि मोठ्याने वाचून विचारतात, "हा तुम्ही आत्ता मला दिलात ना?" लोक हसतात. ते हसत नाहीत. तेवढं मी त्यांचं कायमचं नेलं.

माझा परवाना गेला. टेबल उचललं. शेजारच्या टेबलावरच्या लेखकाने खुर्ची गच्चीत ठेवायला मदत केली. मला वाटलं होतं फार लागेल. फार लागलं.

तू विचारणार नाहीस, तरी सांगते. आईचं ऐकू येतं अजून. दुपारी, स्वयंपाकघरात पाठमोरी असले की. तेच विचारते. पूर्वी मी नळ मोठा सोडायची. आता उत्तर देते. म्हणते, "नाही येणार, आई. मी अर्ज दिला नाही." मग थोडा वेळ घर शांत होतं. ती रागावली का, ते कळत नाही. जिवंतपणी तरी कुठे कळायचं.

माझ्या अर्ध्या हिश्श्याचं बक्षीसपत्र तयार आहे. मला लिहिता येत नाही आता, म्हणून शेजारच्या लेखकाकडून लिहून घेतलं. तो नेहमीच्या जागी आला आणि म्हणाला, "कारण काय घालू? प्रेमापोटी?" मी म्हटलं, "नको. ती वाचून फाडून टाकेल." मग काय घालू म्हणाला. मी म्हटलं, "आईच्या इच्छेप्रमाणे, एवढंच लिहा." त्याने तसंच लिहिलं.

घेणारी म्हणून तुझी सही लागते, समक्ष. आठ जुलै, सकाळी अकरा, नोंदणी अधिकाऱ्यांची खोली. चार महिन्यांची मुदत असते हे तुला आता मी सांगायला नको. आली नाहीस तर मी पुढच्या दिवशी जाईन, आणि त्याच्या पुढच्या. मुदत संपेपर्यंत जात राहीन.

ताई

११ जुलै

ठकू,

तू आलीस. अकराला पाच कमी असताना खांद्याला एक पिशवी लावून जिना चढलीस आणि सरळ खिडकीशी जाऊन उभी राहिलीस. मी आदल्या संध्याकाळी घर झाडून ठेवलं होतं, पण घरी ये म्हणायची हिंमत झाली नाही.

बारीक झाली आहेस. कानाजवळचे केस पांढरे झालेत. आपण दोघी बाकावर बसलो, मध्ये तुझी पिशवी. एक बाई तिच्या भावाला ढोसत होती, "सही नीट कर, नाहीतर पुन्हा यावं लागेल." तू मान फिरवून भिंतीकडे बघितलंस. मला वाटतं तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. नसेलही.

मग आपला नंबर आला. साहेब नवीन आहेत, तरुण, नियमाने चालणारे. आधी मला विचारलं, "दस्त वाचला आहे? मर्जीने करता आहात? कुणाचा दबाव नाही?" मी वाचला, हो, नाही, असं क्रमाने सांगितलं. सही केली. अंगठा दिला. मग त्यांनी वही तुझ्याकडे वळवली.

"लिहून देणाऱ्यांना तुम्ही ओळखता का?"

हा प्रश्न मी हजारो वेळा ऐकलाय. लोक प्रश्न पुरा व्हायच्या आत हो म्हणतात. भाऊ भावाला, बायको नवऱ्याला. कुणी थांबत नाही.

तू थांबलीस. माझ्याकडे वळून बघितलंस. आई गेल्यापासून पहिल्यांदा सरळ बघितलंस, कपाळापासून हातापर्यंत, अंगठ्याच्या शाईपर्यंत. साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं. मागे रांगेतला माणूस खोकला. मला वाटलं, आता ही नाही म्हणेल. आणि खोटं ठरणार नाही.

"ओळखत होते," तू म्हणालीस.

साहेबांनी मान वर केली. चिडले नाहीत, गोंधळले. "तसं नाही लिहिता येत, बाई. हो की नाही, एवढंच."

तू पिशवीचा बंद खांद्यावर ओढून घेतलास.

"मग हो लिहा," तू म्हणालीस.

त्यांनी लिहिलं. तू सही केलीस, शाईचा अंगठा पिशवीच्या बंदाला पुसलास आणि गेलीस. तुला माझ्याबरोबर जिना उतरावा लागू नये म्हणून मी बस सुटेपर्यंत वरच बसून राहिले.

नोंद झालेला मूळ दस्त आज हातात आला. सोबत पाठवते आहे, मालकीणबाई. नीट जपून ठेव, ओल लागू देऊ नकोस. चौथ्या पानावर खालून तिसरी ओळ बघ. साहेबांनी तुझं उत्तर त्यांच्या भाषेत उतरवलंय. "लिहून देणार यांस घेणार व्यक्तिशः ओळखते."

कागदावर ते वर्तमानकाळात आलं आहे. मी ते तुझ्याविरुद्ध कधी वापरणार नाही.

ताई